दक्षिण चीनमधील घराण्यांच्या लढाया : भांडण पाण्याचे असेल, तर तोफांचा खर्च कोण करीत होते?

प्रश्न : रंकाळाकाठ

सर्वांना नमस्कार. चीनच्या आग्नेय किनाऱ्यावरील फुजियान आणि ग्वांगदोंग या दोन प्रांतांत, विशेषतः अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत, एका आडनावाचे अख्खे गाव शेजारच्या दुसऱ्या आडनावाच्या गावावर शस्त्रे घेऊन चालून जात असे आणि असे वैर कधी कधी पिढ्यान्‌पिढ्या धुमसत राही, असे अलीकडे वाचनात आले. वाचलेल्या मजकुरात पाण्याच्या पाळीवरून, स्मशानातील जागेवरून आणि बाजाराच्या हक्कावरून लढाया होत, एवढेच कारण दिले होते. ते मला पुरेसे वाटले नाही.

माझे गाव करवीर तालुक्यातले आहे. बांध कोरला, पाट फोडला, वहिवाटीची वाट नांगरली, यावरून आमच्याकडे काय काय घडते ते मी लहानपणापासून पाहत आलो आहे. काठ्या निघतात, क्वचित कोयतेही निघतात, पण भांडण बहुधा दोन चुलतभावांचे असते. मोजणी आणली जाते, दिवाणी दावा पडतो आणि वादी-प्रतिवादी म्हातारे होईपर्यंत तारखा चालतात. एक संपूर्ण भावकी दुसऱ्या संपूर्ण भावकीवर लढाई पुकारते आहे, गावाला तटबंदी घालते आहे, तोफा विकत घेते आहे आणि बाहेरून भाडोत्री लढवय्ये आणते आहे, हे चित्र मला आपल्याकडच्या अनुभवावरून डोळ्यांसमोर आणता येत नाही.

म्हणून माझे प्रश्न असे आहेत. या लढायांचा खर्च नेमका कोण करीत असे? सामान्य शेतकरी दुसऱ्याच्या शेताच्या पाण्यासाठी मरायला का तयार होत असे? आणि त्या काळी चीनवर राज्य करणाऱ्या छिंग बादशाहीसारखी प्रबळ सत्ता हे सारे का चालू देत होती? जाणकारांनी विस्ताराने लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : तक्षीमदार

रंकाळाकाठ यांचा पहिला प्रश्न हाच माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर मिळाले की उरलेल्या दोहोंचीही बरीचशी उत्तरे मिळतात.

या प्रदेशातील घराणे म्हणजे एका मूळ पुरुषापासून पुरुषांच्या बाजूने उतरलेल्या लोकांचा समूह. कित्येक ठिकाणी संपूर्ण गावात एकच आडनाव असे आणि गावाची लोकसंख्या काही हजारांपर्यंत जाई. इथवर आपल्या भावकीशी साम्य आहे. वारसाहक्कातही साम्य आहे, कारण तिथेही बापाची जमीन सर्व मुलगे समान वाटून घेत. फरक पडतो तो वाटणीबाहेर ठेवलेल्या जमिनीमुळे. एखादा सधन पुरुष वारला की त्याच्या मालमत्तेतील काही हिस्सा त्याच्या नावाने बाजूला काढला जाई. त्या हिश्श्याच्या उत्पन्नातून त्याची वार्षिक पूजा, कबरीची देखभाल आणि पूर्वजगृहाचा, म्हणजे पूर्वजांच्या पूजेच्या सामाईक वास्तूचा, खर्च भागवला जाई आणि ही जमीन पुढे कुणालाही वाटून मागता येत नसे. काही पिढ्या गेल्या की अशा जमिनी साचत जात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोती नदीच्या खोऱ्यातील काही भागांत लागवडीखालील जमिनीपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक जमीन या सामाईक खात्यांवर होती. तिचा खंड येई, तो व्याजाने दिला जाई, त्यातून घराण्यातील हुशार मुलांचे सरकारी परीक्षांसाठीचे शिक्षण होई आणि वेळ आली की त्यातूनच दारूगोळाही विकत घेतला जाई.

म्हणजे पाणी, कबर, बाजार ही ठिणगी. पाणी तर होतेच, कारण भाताच्या लावणीच्या दिवसांत वरच्या गावाने बंधारा अडवला की खालच्या गावाचा हंगाम जातो. नदीच्या मुखाशी गाळ साचून नव्याने तयार होणाऱ्या जमिनीवर दोन गावे हक्क सांगत. एखाद्या कबरीसमोर दुसऱ्या घराण्याने इमारत बांधली किंवा डोंगर खोदला, तर आपल्या पूर्वजांची शुभ दिशा बिघडली अशी तक्रार होई आणि ती अगदी गंभीरपणे केली जाई. पाचव्या चांद्रमहिन्यातील नौकांच्या शर्यतींतूनही मारामाऱ्या पेटत. असली कारणे जगात सगळीकडे असतात, आपल्या पंचगंगेच्या खोऱ्यातही आहेत. ठिणगीपाठीमागे दारूचे कोठार मात्र सगळीकडे नसते.

हे कोठार कसे वापरले जाई, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. लढाई ठरली की ज्येष्ठ मंडळी पूर्वजगृहात, पूर्वजांच्या नावांच्या लाकडी पाट्यांसमोर जमत. तिथे अटी ठरत : लढाईत मरण पावणाऱ्याच्या कुटुंबाला काय द्यायचे, जखमीला काय द्यायचे, बाहेरून किती माणसे भाड्याने आणायची. मृताच्या नावाची पाटी पूर्वजगृहात सन्मानाने ठेवली जाण्याचे आश्वासन असे. एरवी गरीब, अविवाहित, भूमिहीन माणसाला असा मान मिळणे कठीणच. लढाई संपल्यावर दोन्ही बाजूंचे मृतदेह मोजले जात आणि ज्या बाजूचे अधिक मेले असतील तिला फरकापुरती भरपाई देऊन तडजोड केली जाई. सरकारी अधिकारी खुनाच्या तपासाला आला की घराणे आरोपी पुरवीत असे. हे आरोपी प्रत्यक्ष मारेकरी नसत. गरिबीला कंटाळलेला एखादा माणूस कुटुंबाला मिळणाऱ्या रकमेच्या बदल्यात गुन्हा कबूल करून शिक्षा भोगायला तयार होई. अधिकाऱ्याचा तपास कागदावर पूर्ण होई आणि घराण्याची कर्ती मंडळी सुखरूप राहत. जीव गरिबाचा जाई आणि पैसा सामाईक खात्याचा. त्या खात्याची किल्ली ज्यांच्या हाती असे, त्यांना लढाई थांबवण्याची फारशी घाई नसे, असे मला वाटते.

बादशाहीला हे कळत नव्हते असे नाही. फुजियानमधील च्वानचौ आणि चांगचौ या जिल्ह्यांतील लोकांना या लढायांबद्दल खडसावणारा फतवा योंगचेंग बादशहाने १७३४ मध्ये काढला होता. १७६६ मध्ये ग्वांगदोंगचा राज्यपाल वांग ज्येन याने छ्येनलोंग बादशहाकडे थेट असा प्रस्ताव पाठवला की घराण्यांच्या या सामाईक जमिनी मोडून सदस्यांत वाटून टाकाव्यात, म्हणजे लढायांचा पैसाच आटेल. रोग त्याने बरोबर ओळखला होता. परंतु पूर्वजपूजा हा राज्याच्याच नीतीचा पाया असल्यामुळे पूर्वजांच्या नावाची जमीन सरसकट मोडणे दरबाराला जड गेले. शिवाय एका तालुक्याला एक अधिकारी, तोही परप्रांतातून आलेला आणि काही वर्षांत बदलून जाणारा. करवसुलीसाठी तो याच ज्येष्ठ मंडळींवर अवलंबून असे.

आता आपल्याकडे पाहा. आपल्या एकत्र कुटुंबातील कोणताही हिस्सेदार उठून वाटणी मागू शकतो आणि मागतोच. पाटीलकीचे वतनसुद्धा तक्षिमांत, म्हणजे हिश्श्यांत, फुटत गेले. पाटीलकी कुणी, कोणत्या वर्षी, कोणत्या पाळीने चालवायची यावरून भाऊबंदांनी एकमेकांवर केलेल्या तक्रारींनी जुनी दप्तरे भरलेली आहेत. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली, तोवर तिच्या इतक्या चिरफळ्या झाल्या होत्या की तिच्या जोरावर फौज उभी करणे कुणालाही शक्य नव्हते. आपली भावकी आतल्या आत भांडते, कारण तिच्यापाशी भांडण्याजोगे जे काही आहे ते आतच आहे.

उत्तर २ : दप्तरखाना

तक्षीमदार यांनी मांडलेला सामाईक जमिनीचा मुद्दा मोलाचा आहे, पण त्यावर सगळा भार टाकणे मला मान्य नाही. दोन अडचणी आहेत.

पहिली अडचण सुचौची आहे. यांगत्झेच्या खालच्या खोऱ्यातील या शहरात फान चोंगयेन या सोंग काळातील मुत्सद्द्याने १०५० च्या सुमारास आपल्या घराण्यासाठी वाटणीबाहेरची जमीन ठेवली आणि ती व्यवस्था विसाव्या शतकापर्यंत टिकली. पुढे त्या भागात अनेक घराण्यांनी त्याचे अनुकरण केले. म्हणजे कोठार तिथेही होते, तरीही फुजियान-ग्वांगदोंगसारख्या गावोगावच्या लढाया तिथे झाल्या नाहीत. त्या भागातील घराण्यांत परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची रेलचेल होती, राजदरबाराशी त्यांचे लागेबांधे होते आणि वाद सोडवण्यासाठी त्यांना कचेरी जवळची वाटे. आग्नेय किनारा हा डोंगरांनी तुटलेला, बंदरांच्या आणि चाचेगिरीच्या संपर्कातला, शस्त्रे सहज मिळणारा मुलूख होता. त्यात १६६१ ते १६६९ या काळात तैवानमधील विरोधकांची रसद तोडण्यासाठी दरबाराने किनारपट्टीच रिकामी करवली होती. लोक परत आले तेव्हा कोणती जमीन कुणाची, हे ठरवायला कागदापेक्षा मनगट उपयोगी पडले. तटबंदीची गावे आणि फुजियानमधील जाड मातीच्या भिंतींची प्रचंड सामूहिक घरे या असुरक्षिततेतून समजून घ्यावी लागतात.

दुसरी अडचण तैवानची आहे. फुजियानमधून तिथे गेलेल्या स्थलांतरितांपाशी सुरुवातीला ना जुनी घराणी होती, ना साचलेल्या जमिनी. तरी च्वानचौचे लोक आणि चांगचौचे लोक एकमेकांची गावे जाळत होते. १८५३ मध्ये आजच्या तायपेई शहरातील मोंगा या बंदरवस्तीत तर च्वानचौमधल्याच दोन गटांत लढाई झाली. हरलेले तोंगआनचे लोक आपला देव घेऊन निघून गेले आणि त्यांनी दादाओचंग येथे नवी पेठ वसवली. हीच पेठ पुढे चहाच्या व्यापारामुळे भरभराटीला आली. १८५४ मध्ये सिंगापुरात होक्किएन (दक्षिण फुजियानमधून आलेले) आणि तिओच्यू (पूर्व ग्वांगदोंगमधून आलेले) यांच्यात तांदळाच्या सौद्यावरून भांडण पेटून सुमारे ४०० माणसे मेली. तिथे तर शेतही नव्हते आणि पाटही नव्हता.

या निमित्ताने आणखी एक घोटाळा टाळावा. १८५५ ते १८६७ या काळात ग्वांगदोंगमध्ये, मोती नदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या नैर्ऋत्येला, थायशान, काइफिंग, एनफिंग या तालुक्यांत जे भीषण युद्ध झाले आणि ज्यातील मृतांचा आकडा लाखांत सांगितला जातो, ते पुष्कळदा घराण्यांच्या लढायांच्याच यादीत घातले जाते. ते स्थानिक पुंती आणि नंतर येऊन वसलेले हाक्का या दोन भाषिक समाजांचे युद्ध होते. १८५४ च्या लाल पागोटेवाल्यांच्या सरकारविरोधी बंडात सरकारने हाक्कांना हत्यारबंद केले आणि बंड शमल्यावर तीच हत्यारे शेजाऱ्यांवर उलटली. दोन्ही बाजूंनी पकडलेली माणसे मकावमार्गे क्यूबा आणि पेरूला मजूर म्हणून विकली गेली. १८६७ मध्ये हाक्कांसाठी छिशी हा वेगळा प्रशासकीय विभाग तोडून द्यावा लागला, तेव्हा ते शांत झाले. या युद्धात घराणी लढली हे खरे, पण आपापसांतली वैरे बाजूला ठेवून लढली.

प्रतिसाद : रंकाळाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मला दोन शंका उरतात. न वाटता येणारी जमीन आपल्याकडेही आहे. देवस्थान इनामाच्या जमिनी सहजासहजी वाटता किंवा विकता येत नाहीत. मग त्यांच्या जोरावर असे काही का घडले नाही? आणि दुसरे म्हणजे सोयरीक. माझ्या आजोळच्या गावावर चालून जायचे म्हटले तर आमच्या गावातील निम्मी माणसे मामाच्या दारात काठी घेऊन उभी राहतील. चिनी गावांत एकच आडनाव असेल, तर प्रत्येक सून बाहेरून, म्हणजे बहुधा शेजारच्याच गावांतून आलेली असणार. मग या नात्यांचा काहीच अडसर होत नसे का?

उत्तर ३ : माहेर राधानगरी

सोयरिकीच्या शंकेचे उत्तर मी देते. एका आडनावात लग्न निषिद्ध असल्यामुळे सुना बाहेरून येत, हे आपण बरोबर ओळखले आहे. पण दोन घराण्यांत वैर उभे राहिले की त्यांच्यातील सोयरिकी थांबवल्या जात आणि पुढच्या पिढ्यांनीही त्या गावाशी लग्न जुळवू नये, अशी शपथ पूर्वजांसमोर घेतली जाई. अशा बंद्या लढाईचे मूळ कारण विसरल्यावरही टिकून राहत. फुजियानमधील काही गावांनी अगदी अलीकडच्या वर्षांत जाहीर समारंभ करून त्या उठवल्या आहेत. म्हणजे सोयरीक हा लढाईचा अडसर ठरण्याऐवजी लढाईच सोयरीक मोडून टाकीत असे. आधीच लग्न होऊन आलेल्या, माहेर शत्रूच्या गावात असलेल्या बाईचे काय होत असेल, याची नोंद मात्र या घराण्यांच्या वंशावळींत सापडण्याची आशा नको. त्यांत पुरुषांचीच नावे ठळकपणे असतात आणि बाई आली तर बहुधा केवळ माहेरच्या आडनावापुरती येते.

आपल्याकडे वेगळे घडले त्याचे कारण मला जमिनीपेक्षा गावाच्या रचनेत दिसते. आपल्या गावात एका आडनावाची भावकी कितीही मोठी असली, तरी शेजारी दुसऱ्या भावक्या असतात, बारा बलुतेदारांची घरे असतात आणि प्रत्येकाला गावकीत ठरलेला मान असतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांचा क्रम ठरलेला असतो. त्या क्रमावरून कुरबुरी होतात, पण तो क्रम मान्य करूनच भांडावे लागते. पुढे सहकार आला तेव्हा उपसा सिंचनाच्या पाणीपुरवठा संस्थांत एकाच पाळीपत्रकावर चार भावक्यांची नावे आली. राजकारणात तर एकाच भावकीतले दोन सख्खे भाऊ दूध संस्थेत आणि सेवा सोसायटीत परस्परविरोधी गटांत असतात. ज्याच्याशी एका जागी वैर आहे, त्याची दुसऱ्या जागी मतासाठी मनधरणी करावी लागते. अशा ठिकाणी भांडणे पुष्कळ होतात, पण गावाच्या मधोमध एकच सरळ रेघ ओढून दोन फौजा उभ्या करता येत नाहीत. ग्वांगदोंगच्या एकाच आडनावाच्या गावात ती रेघ शिवेवर आधीच ओढलेली होती.

देवस्थान इनामाबद्दल एवढेच म्हणेन की ती जमीन देवाची असते. गुरव ती कसतो, दिवाबत्ती करतो, पण कोणतीही भावकी तिच्यावर मालकीने बसून तिचा खंड आपल्या लढाईसाठी खर्च करू शकत नाही.

उत्तर ४ : तक्षीमदार

दप्तरखाना यांचा सुचौचा दाखला मी स्वीकारतो आणि माझे म्हणणे त्याला जोडून मांडतो : सामाईक जमीन आणि सरकारपासूनचे अंतर, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तिथेच लढाया झाल्या. तैवानच्या दाखल्याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. तिथेही देवळांच्या आणि एका मुलखातून आलेल्या लोकांच्या मंडळांपाशी वर्गणीतून जमवलेली मालमत्ता होती. पूर्वजाच्या जागी देव आला, एवढाच फरक. फुजियानमध्येही लहान घराणी बड्या घराण्यासमोर एकटी टिकत नसत, तेव्हा ती एकत्र येऊन एक काल्पनिक सामाईक आडनाव धारण करीत आणि एकाच रक्ताची असल्यासारखी लढत. रक्तावाचून काम अडत नव्हते. संघटना आणि पैसा यांवाचून ते अडत होते.

बाजाराचे उदाहरण आधी घ्यायचे राहिले होते. हाँगकाँगच्या ‘नव्या प्रदेशा’तील (न्यू टेरिटरीज) तायपो येथे जुना बाजार तांग घराण्याच्या ताब्यात होता आणि इतरांना तिथे दुकान काढण्याची मुभा नव्हती. तायहांगच्या मान घराण्याने शेजारच्या गावांची सात गटांची युती बांधली आणि १८९० च्या दशकाच्या आरंभी नदीपलीकडे नवा बाजार उभा केला. त्या बाजाराची देखरेख जिथून होत असे, ते मान मो मंदिर आजही तिथे आहे. हे वैर तोफांवाचून, बाजारच हलवून निकालात निघाले, म्हणून ते मला विशेष वाटते. उलट त्याच नव्या प्रदेशातील फिंगशान येथे १८५७ मध्ये उभारलेल्या तात ताक सभागृहाला जोडून लढायांत मेलेल्या गावकऱ्यांचे स्मृतिस्थान आहे. एप्रिल १८९९ मध्ये ब्रिटिश नव्या प्रदेशाचा ताबा घ्यायला आले, तेव्हा एरवी एकमेकांशी झगडणारी यांतील बरीच गावे एकत्र येऊन त्यांच्याशी लढली. आपापसांतल्या लढायांसाठी जमवलेली हत्यारे आणि गावरक्षक दले त्या वेळी तयारच होती.

शेवट कसा झाला, याबद्दल. ग्वांगदोंगमधील हायफेंग भागात गावे लाल निशाण आणि काळे निशाण अशा दोन युत्यांत विभागलेली होती आणि वैर पिढीजात चालत आले होते. १९२२ पासून फंग पाय हा सधन घरातला तरुण तिथे शेतकरी संघ बांधू लागला, तेव्हा दोन्ही निशाणांखालचे कुळवाडी एकाच जमीनदाराला खंड देतात, हे लोकांना पटवणे हे त्याच्यापुढचे पहिले काम होते. त्याची चळवळ चिरडली गेली. वांग ज्येन याने १७६६ मध्ये सुचवलेली गोष्ट सरसकट अमलात आली ती १९५० च्या भूसुधारणा कायद्याने : त्याच्या तिसऱ्या कलमान्वये पूर्वजगृहे, मंदिरे, मठ यांच्या ग्रामीण जमिनी सरकारजमा झाल्या आणि कुटुंबांना वाटल्या गेल्या. पूर्वजगृहांची गोदामे, शाळा आणि कचेऱ्या झाल्या.

१९८० नंतर परदेशी गेलेल्या नातेवाइकांच्या पैशांतून पूर्वजगृहे पुन्हा बांधली गेली, वंशावळी नव्याने छापल्या गेल्या आणि काही ठिकाणी कबरींवरून व शिवेवरून जुन्या आडनावांनी मारामाऱ्याही झाल्या. पण त्या मारामाऱ्यांमागे शेकडो एकरांच्या खंडाचे उत्पन्न नव्हते. पोलीस एका दिवसात पोहोचत होते आणि तुरुंगात जायला भाड्याचा माणूस देणेही पूर्वीइतके सोपे राहिले नव्हते. या मारामाऱ्या रंकाळाकाठ यांना आपल्याकडच्या बांधाच्या भांडणांसारख्याच वाटतील.